वैद्यकीय उपकरणे आणि ती वापरणारे हात

(संघाच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या कार्यवाहांनी आम्हांस बोलावणे पाठविले तेव्हा शिष्यवृत्ती निधी, वसतिगृह अथवा वधूवर सूचक मंडळ यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ते विषय महत्त्वाचे खरेच. परंतु त्यांवर बोलण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी या सभागृहात बसली आहेत. आम्ही आमचा विषय कळविला तेव्हा कार्यवाह क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "वैद्यकीय उपकरणे? पण आपल्या ज्ञातीत डॉक्टर असे कितीसे?" आमचे त्यांना उत्तर इतकेच की, सांप्रत ही उपकरणे डॉक्टरांच्या हाती जितकी आहेत त्याहून अधिक ती आपल्या हाती आहेत. आपल्यापैकी कोणाच्याही घरातील फडताळ उघडावे. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, रक्तातील साखर पाहण्याचा ग्लुकोमीटर, ताप पाहण्याची नळी, वाफेचे यंत्र, दम्याचा पंप, इन्सुलिनची बाटली आणि सिरिंजा. यांपैकी चार-दोन वस्तू तरी तेथे सापडतीलच. ही सारी उपकरणे कोणी तरी, कोठे तरी, कोणाला तरी डोळ्यांपुढे ठेवून घडविली आहेत. तो 'कोणाला तरी' म्हणजे आपण आहोत काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे आम्ही वळलो ते ग्रंथ वाचून नव्हे. घरच्याच एका प्रसंगाने आम्हांस तिकडे वळविले. तो प्रसंग सभेपुढे सांगण्यास ज्यांची संमती हवी होती त्यांची ती आम्ही घेतली आहे.

आमची आत्या संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत राहते. वय बहात्तर, मधुमेह जुना. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला रात्री वीस युनिट इन्सुलिन टोचून घेण्यास सांगितले होते आणि ते काम तिची सून करीत असे. सूनबाईंचे शिक्षण दहावीपर्यंतचे. परंतु हात स्थिर आणि स्वभाव नेटका. चार वर्षे एक दिवसही चुकला नाही. त्या वर्षी गणपतीस चाकरमानी मंडळी गावी आली, त्यांत आत्याचा धाकटा मुलगाही होता. आईचे औषध संपत आले आहे हे कळल्यावरून त्याने मुंबईहून येतानाच इन्सुलिनची नवी बाटली आणली होती, चांगल्यातली, महागातली. सिरिंजा घरात होत्याच. सूनबाईंनी रोजच्याप्रमाणे सिरिंज विसाच्या रेघेपर्यंत भरली आणि टोचली. रात्री अडीचच्या सुमारास आत्याला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, ती भलतेच काही बोलू लागली. सूनबाईंनीच प्रथम ओळखले आणि ती शुद्धीवर आहे, गिळते आहे, एवढे पाहून तिला साखरपाणी पाजले. नंतर जीप मिळवून रुग्णालयात नेण्यास पहाट झाली. देवकृपेने आणि त्या साखरपाण्याने आत्या वाचली.

झाले होते ते असे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला चाळीस युनिट असतात, दुसरीत शंभर. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या. साधारणतः चाळिसाच्या सिरिंजेचे टोपण लाल आणि शंभराच्या सिरिंजेचे नारिंगी असते. घरात सिरिंजा होत्या त्या चाळिसाच्या, आणि नवी बाटली होती शंभराची. चाळिसाच्या सिरिंजेत विसाची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. जुन्या बाटलीतले अर्धा मिलिलिटर म्हणजे वीस युनिट, आणि नव्या बाटलीतले अर्धा मिलिलिटर म्हणजे पन्नास! अडीच पट औषध अंगात गेले, आणि टोचणाऱ्याच्या हातून रेसभरही चूक झालेली नव्हती. रेघ तीच होती, हात तोच होता, हिशेबही तोच होता. याच्या उलट, शंभराच्या सिरिंजेने चाळिसाचे औषध भरले तर विसाच्या रेघेवर आठच युनिट जातात. त्यात घाम फुटत नाही. साखर मात्र मुकाट्याने वाढत राहते आणि डॉक्टरांना वाटते की रोगी पथ्य पाळीत नाही.

लाल आणि नारिंगी! कंदिलाच्या नव्हे, पण पडवीतल्या मंद दिव्याच्या उजेडात, चाळिशी लागलेल्या डोळ्यांनी हे दोन रंग ओळखून दाखवावेत. ज्याने कोणी हे दोन रंग शेजारी शेजारी निवडले तो खात्रीने भर दिवसा, लख्ख उजेडात, टेबलाशी बसलेला असणार.

आता लज्जेची गोष्ट सांगतो. त्या दिवशी घरात ठपका ठेवला गेला तो सूनबाईंवर. "लक्ष कोठे होते? गणपतीच्या गडबडीत हात चालला असेल" असे बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि वयाने ज्येष्ठ म्हणून आमचे बोलणे अधिक लागले. त्या माउलीने उत्तर दिले नाही. पुढे तीन महिने मात्र तिने सिरिंजेला हात लावला नाही. वाडीतल्या आशाताईंना रोज रात्री पाऊण मैल चालून यावे लागे. चुकीचा उलगडा आम्हांस झाला तो पुढे एका डॉक्टरांनी दोन्ही सिरिंजा हातावर ठेवून दाखविल्या तेव्हा.

अमेरिकेत ही दोन-तीन तीव्रतांची भानगड १९७० च्या दशकात मोडून सर्वत्र शंभराचेच इन्सुलिन करण्याकडे पाऊल पडले. इंग्लंडने १९८३ साली तसेच केले. आपल्याकडे चाळिसाच्या बाटल्या आजही सर्रास विकल्या जातात, आणि शेजारी शंभराच्याही. लेखणीसारख्या पेनमधून घ्यावयाचे इन्सुलिन शंभराचे, क्वचित त्याहूनही तीव्र. म्हणून पेनच्या नळीत सुई खुपसून सिरिंज भरण्याची जी काटकसर काही घरांत चालते ती कृपा करून कोणी करू नये.

चूक माणसाची की वस्तूची, या वादास एक शास्त्र लाभले ते रुग्णालयात नव्हे, युद्धात. १९४३ च्या सुमारास अमेरिकेची बी-१७ ही अवजड बाँबफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि उतरल्यावर मात्र वैमानिक चाके वर घेण्याची कळ दाबून विमान पोटावर आपटीत. वैमानिक थकले आहेत, निष्काळजी आहेत, असे वरिष्ठ म्हणत. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या एका तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिले. चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ अगदी शेजारी शेजारी, आणि दिसावयास व हातास एकसारख्या. दुसऱ्या जातीच्या विमानांत या कळा निराळ्या होत्या, आणि तेथील वैमानिक ही चूक करीत नव्हते. त्याने चाकाच्या कळीवर रबराचे लहानसे चाक बसविले आणि झडपेच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा. अंधारातही हाताला कळावे, इतकेच. प्रवासी विमानात चाकांच्या दांड्यावर आजही चाकाच्या आकाराची मूठ असते, ती त्या परंपरेची.

मनुष्याची शक्ती, त्याच्या मर्यादा आणि त्याची सवय पाहून वस्तू घडविणे, हेच या शास्त्राचे सार. इंग्रजीत त्यास 'ह्यूमन फॅक्टर्स' असे नाव पडले आहे. आम्ही त्यास 'मानवानुकूल रचना' म्हणू. नावाचा आग्रह नाही. आपल्या सुताराला हे शास्त्र जन्मजात ठाऊक असते. विळीची उंची तो विळीवर बसणारीस विचारून ठरवितो. मात्र यंत्र परदेशात किंवा दूरच्या शहरात घडते तेव्हा ते विचारणे राहून जाते.

वैद्यकात याचे उत्तम उदाहरण शस्त्रक्रियागृहात दिसते. भूल देण्याच्या यंत्रास एकीकडून प्राणवायू आणि दुसरीकडून नायट्रस ऑक्साइड वायू जोडलेला असतो. एकाच्या जागी दुसरा जोडला गेला तर रोगी टेबलावरच दगावेल. १९५२ साली यासाठी खुंट्यांची योजना निघाली. नळकांड्याच्या तोंडाशी ठरावीक जागी दोन छिद्रे आणि जोडणीवर त्याच जागी दोन खुंट्या. वायू वेगळा असेल तर खुंट्या बसतच नाहीत. येथे लेबल वाचावे लागत नाही, रंग ओळखावा लागत नाही, जाणत्याची आठवण लागत नाही. आत्याच्या बाटलीला अशीच खुंटी असती तर? चाळिसाच्या सिरिंजेची सुई शंभराच्या बाटलीत शिरलीच नसती. ती नसल्यामुळे सारा भार त्या लाल-नारिंगी टोपणावर आणि सूनबाईंच्या डोळ्यांवर पडला.

याच्या उलट उदाहरण कॅनडात तयार झालेल्या थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणयंत्राचे. आधीच्या यंत्रांत प्रमाणाबाहेर किरण जाऊ नयेत म्हणून प्रत्यक्ष अडसर असत. यात ते काढून सारा विश्वास संगणकाच्या आज्ञावलीवर ठेवला. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांस भयंकर प्रमाणात किरण बसले आणि त्यांपैकी काही दगावले. पडद्यावर अक्षरे उमटत ती 'बिघाड ५४' अशी. चोपन्न म्हणजे काय हे चालविणाऱ्यास कळण्याची सोयच नव्हती, आणि असे संदेश दिवसातून इतक्या वेळा येत की कळ दाबून पुढे जाण्याची त्यांस सवय जडलेली होती. ज्या घंटेस रोज कोणी उठत नाही ती खऱ्या आगीच्या दिवशीही कोणास उठवीत नाही.

परदेशांचे पुरे झाले. याहून थोर काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तेथील बालके न्यूमोनियाने मरत. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील अर्भक मिनिटास साठ वा अधिक श्वास घेत असेल, त्याहून मोठे तान्हे बाळ पन्नास वा अधिक घेत असेल, तर धोका समजावा. डॉक्टर हे घड्याळाकडे पाहून मोजतो. परंतु वाडीपर्यंत पोचणारी होती ती दाई, तिच्याजवळ घड्याळ नव्हते आणि साठपर्यंत अंक मोजणे तिच्या आवाक्यात नव्हते.

अशा वेळी बहुतेक शहाणी माणसे म्हणाली असती, आधी दाईला अंक शिकवा. बंगांनी अंक सोडून दिले आणि दाई धरली. लाकडी चौकटीत एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि तारांवर ओवलेले मणी, असे 'श्वासमापक' त्यांनी केले. दाईने दहापर्यंत मोजावे आणि एक मणी सरकवावा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर बाळास न्यूमोनिया समजून औषध सुरू करावे. अगदी लहान अर्भकासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. जिला निरक्षर म्हणून सारे बाजूस सारीत, ती त्या चौकटीच्या बळावर रोगनिदान करू लागली. या कामाचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे १९९९ साली त्याच नियतकालिकात नवजात बालकांच्या घरच्या घरी करावयाच्या शुश्रूषेचा वृत्तान्त आला, आणि त्या पद्धतीस २०११ पासून आशाताईंच्या कामात देशभर स्थान मिळाले. आमच्या आत्याकडे येणाऱ्या आशाताई त्याच परंपरेतल्या.

त्या लाल मण्यापुढे आम्हांस मोठमोठी यंत्रे फिकी वाटतात. त्यात वीज नाही, पडदा नाही, सुटे भाग मागवावे लागत नाहीत. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, ती वस्तू घडविणाऱ्याने दाईच्या शेजारी बसून, तिला काय येते हे आधी पाहिले. काय येत नाही याची यादी करणे सोपे असते.

जयपूरच्या पायाची कथाही तशीच. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बसविलेले रोगी तो काढून कोपऱ्यात ठेवीत आणि कुबड्या घेऊन हिंडत. कारण त्या पायावर बूट घालावा लागे, मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि शाळेत फारसे न शिकलेले कुशल कारागीर राम चंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा असा पाय घडविला की अनवाणी चालता यावे, पाण्याचिखलात उभे राहता यावे. भातलावणीस गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या कोकणच्या माणसास याचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. शर्मांचे नाव मात्र पुष्कळांस ठाऊक नसते, याची आम्हांस नेहमी खंत वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. येथे चार महिने हवेत इतका दमटपणा की पत्र्याच्या डब्यातील पापडही सादळतात; मग साखर तपासण्याच्या पट्ट्यांची बाटली उघडी राहिली तर त्यांचे काय होत असेल? येथे वादळ झाले की वीज जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत जे केले ते येथील मंडळींनी भोगले आहे. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. इन्सुलिन शीतकपाटात ठेवावे असे बाटलीवर छापलेले असते. छापणाऱ्याने वीज गृहीत धरलेली असते. देशावर मातीच्या दुहेरी मडक्यात ओली वाळू घालून औषध थंड ठेवण्याची युक्ती सांगतात. ती चांगली आहे, पण पावसाळ्यात आपल्या दमट हवेत पाणी लवकर सुकत नाही, म्हणून मडके देशावरच्याइतके गार पडत नाही. घाटावरचा शहाणपणाही घाट उतरताना तपासून घ्यावा लागतो, तर परदेशाचा का नको?

आणखी एक गोष्ट, मुले परदेशी असलेल्या घरांसाठी. इंग्लंडहून आणलेला ग्लुकोमीटर साखर मिलिमोलमध्ये दाखवितो, आपला मिलिग्रॅममध्ये. एका स्नेह्यांच्या घरी तसा ग्लुकोमीटर आला आणि त्यावर ७ हा आकडा दिसला. साखर सात म्हणजे माणूस संपलाच, असे समजून त्यांनी वडिलांस अर्धा डबा पेढे खाऊ घातले. सातास अठराने गुणावे, १२६ होतात. वडील पेढ्यांवर खूश होते, एवढेच.

अशा चुका होऊ नयेत म्हणून जगात आता नियम झाले आहेत. वैद्यकीय उपकरण वापरास सुलभ व निर्धोक आहे हे कसे तपासावे, याचे आंतरराष्ट्रीय मानक २००७ साली आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ च्या मार्गदर्शनात सांगितले की, ज्या ज्या गटाचे लोक उपकरण वापरणार त्या प्रत्येक गटातील निदान पंधरा जणांच्या हाती ते देऊन, न टोकता पाहावे की ते काय करतात. 'न टोकता' हे शब्द फार मोलाचे आहेत. जावयाला नवे यंत्र दाखविताना आपल्यापैकी किती जण गप्प बसू शकतील? आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ साली झाले. त्याआधी ६ जुलै २०१५ रोजी उपकरणांपासून झालेल्या अपायांची नोंद ठेवणारी योजना सुरू झाली. तिचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. अशी नोंद रुग्णास व त्याच्या नातलगांसही करता येते. आम्ही आत्याची हकीकत कळविली नाही, कारण ती सूनबाईंची चूक समजून आम्ही घरातच मिटविली होती. अशा किती हकीकती किती माजघरांत मिटल्या असतील!

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी दोन वाक्ये. पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र १९६९ पासून आहे. तेथेच २०१४ साली 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणे घडविणारे केंद्र राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने निघाले. नागपूर व पुणे येथील अभियांत्रिकी संस्थाही त्यात सहभागी झाल्या. डॉक्टर आणि अभियंता यांस एका टेबलाशी बसविण्याचा तो उद्योग आहे. संघाच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या एखाद्या मुलीने अथवा मुलाने तिकडे वळावे आणि त्या टेबलाशी आपल्या वाडीतल्या सूनबाईंसाठीही एक खुर्ची मागून घ्यावी.

गतवर्षी गणपतीस आम्ही आत्याकडे गेलो होतो. ओटीवर सारी मंडळी बसलेली असताना आम्ही सूनबाईंची क्षमा मागितली. त्यांनी पदर सावरीत "असू दे मामा, चहा घ्या" एवढेच म्हटले आणि आत गेल्या. इन्सुलिन आता पुन्हा त्याच टोचतात. बाटली आणि तिच्या सिरिंजा त्यांनी एकाच डब्यात ठेवून डब्यास सुतळी बांधली आहे, आणि दुकानातून नवी बाटली आली की तीवरचा आकडा मोठ्याने वाचून घेतल्यावाचून ती डब्यात जात नाही.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर आम्ही दोन्ही सिरिंजा आणि दोन रिकाम्या बाटल्या ठेवल्या आहेत. अल्पोपाहारास जाण्यापूर्वी प्रत्येकाने, विशेषतः ज्यांच्या घरी मधुमेही आहेत त्यांनी, त्या पाहून जावे. टोपणे काढू नयेत, आत सुया आहेत. आणि चष्मा घरी विसरलेल्यांनी तर आधी यावे.